शेजारचे दोन

तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला असताना ते ठरलं. डेंटिस्टबाईंनी पत्र्याचा एक वाकडा साचा त्या लगद्याने काठोकाठ भरून तिच्या खालच्या दातांवर दाबून बसवला होता, दोन बोटांनी धरून ठेवला होता आणि सांगितलं होतं की तीन मिनिटं हलायचं नाही, श्वास नाकाने घ्या. लगद्याला स्ट्रॉबेरीचा वास होता. लहान मुलांना आवडतो म्हणे. त्या वासाखाली हातमोज्यांच्या रबराचा वास, त्याखाली लवंगेच्या तेलाचा, आणि सगळ्यांच्या तळाशी एक कोमट, शिळा वास, जो तिचा स्वतःचाच होता. जीभ मागे ढकलली गेली होती. लगदा हळूहळू घशाकडे सरकत होता, की सरकतोय असं तिला वाटत होतं. लाळ ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गळ्यात अडकवलेल्या कागदी लाळेऱ्यावर गळत होती. समोर कोपऱ्यातल्या स्टुलावर नवरा मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण जमिनीवर कुठेही कण पडलेला असो, ती तो बरोबर शोधून तोंडात घालायची. मुंगीला दोन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते, आणि आईच्या गळ्यातलं लाळेरं बघून तिला फार गंमत वाटत होती. तेवढ्यात बाईंनी, हात तिच्या तोंडात आणि मान नवऱ्याकडे वळवून, सहज विचारलं, "पुढच्या वर्षभरात दुसऱ्याचा विचार आहे का?"

"आहे," नवरा म्हणाला. "म्हणजे हिला आता दोन पूर्ण होतील. फार अंतर नको असं घरात सगळ्यांचंच मत आहे."

घरात सगळी मिळून चार माणसं. त्यातली एक अजून दोन वर्षांचीही नव्हती आणि एक इथे तोंड भरून आडवी पडली होती. उरलेल्या दोघांचं, नवऱ्याचं आणि सासूबाईंचं, मत म्हणजे सगळ्यांचं मत, हा हिशेब तिच्या डोक्यात झटकन झाला, आणि ती घशातून काहीतरी म्हणाली. बाईंनी तिच्या खांद्यावर थोपटलं. झालंच, आणखी अर्धा मिनिट, असं त्या म्हणाल्या. मग उमासा आला. उलटी आली नाही, नुसताच कोरडा उमासा, पण त्याने मान दोनदा खालीवर झाली. नवऱ्याने ती मान पाहिली आणि तो तिच्याकडे बघून हसला, जसं लग्नाआधी एकदा हॉटेलात तिने त्याच्याच आवडीचं आईस्क्रीम मागवलं तेव्हा हसला होता. साचा निघाला तो चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत. आत तिच्या दातांचे खळगे उमटले होते, आणि एका खळग्याच्या काठाला सकाळच्या केळ्याचा काळपट दोरा चिकटला होता. तिने चूळ भरली, बेसिनमध्ये थुंकली. लाळेची तार ओठापासून बेसिनपर्यंत लोंबत राहिली, तुटेचना. ती तार लोंबत होती तोवर तिला बोलता येत नव्हतं, आणि ती बोटाने तोडून, हात पुसून, वर बघेपर्यंत विषय तारखांवर गेला होता.

गोष्ट तशी साधी होती. उजवीकडची खालची एक दाढ गेली होती. तिच्या जागी काहीतरी बसवायचं होतं, नाहीतर वरची दाढ खाली उतरते आणि बाजूचे दात त्या खड्ड्यात कलंडतात. ब्रिज केला तर दोन आठवड्यांत मोकळं. त्यासाठी खड्ड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दात घासून बारीक करायचा, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि दोन टोप्यांच्या मध्ये खोटी दाढ टांगायची. इम्प्लांट केलं तर शेजाऱ्यांना हात लावायचा नाही, सरळ हाडात स्क्रू. पण तिची दाढ फार उशिरा काढली, सडून सडून, त्यामुळे खालचं हाड बसलं होतं. आधी तिथे हाडाची पूड भरायची, चार महिने थांबायचं, मग स्क्रू, पुन्हा चार महिने, मग दाढ. त्यात एक्सरे आले, कडक औषधं आली. तेवढ्या आठ महिन्यांत दिवस राहिलेले चालणार नाहीत. "शेजारचे दोन तसे अगदी छान आहेत हो तुमचे," बाई तिच्या तोंडात छोटा आरसा फिरवत म्हणाल्या होत्या. "कीड नाही, डाग नाही. घासायचं जिवावर येतं. पण मूल महत्त्वाचं." तिने पूड कशाच्या हाडाची असते ते विचारलं. बाईंनी अगदी दुकानदारासारखं सांगितलं की जनावराचं येतं, माणसाचंही येतं, सगळं शुद्ध केलेलं असतं, तुम्हाला चालेल ते.

घरी जेवताना नवऱ्याने दोन पेले शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर पट्टी आडवी ठेवली. तो इमारतींचे नकाशे काढायचा, कुठल्याही गोष्टीचं वजन कशावर पडतं हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. हे बघ, तो म्हणाला, खांब आयते उभे आहेत, वर फक्त तुळई टाकायची, आणि तू जमीन खणून नवा पाया घालायच्या गोष्टी करतेस. ती म्हणाली की खांब आधी तासून अर्धे करायचे आहेत. तो म्हणाला, अर्धे केले तरी पेलतात, हिशेब असतो त्याचा. बोलताना त्याच्या गालात घास होता. गेल्या काही आठवड्यांत तिला माणसं दिसेनाशी झाली होती, फक्त तोंडं दिसायची. नवऱ्याचा जबडा आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग गिळताना गळ्यातली ती गाठ वर जाऊन खाली येते, मग जीभ वरच्या ओठाच्या आतून एक फेरी मारून येते, ओठ तेवढ्यापुरता फुगतो, जणू आत काहीतरी जिवंत चालतंय. सात वर्षं ती या माणसासमोर बसून जेवली होती आणि हे तिला कधी दिसलं नव्हतं. त्याने पट्टीवर चमचा ठेवून दाखवला. पट्टी हलली नाही. मुंगीने टाळ्या वाजवल्या. ती उठून पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

दात दुखायला लागला तेव्हा तिला पाचवा महिना होता. तेव्हा एक्सरे नको म्हणून थांबले. मोकळी होऊ दे, मग बघू. मोकळी झाल्यावर औषधं दुधातून जातील म्हणून थांबले. थांबायला कोणी जबरदस्ती केली नव्हती, हेच तिला आता जास्त लागायचं. सगळे काळजीनेच बोलत होते, तीही मान डोलवत होती, रात्री लवंग धरायची, दिवसा डावीकडून चावायची, आणि उजवीकडे गालाच्या आत एक ठसठसता, गरम, परका जीव वाढत होता. पोटातला आणि गालातला, दोन्ही एकदमच. पोटातल्याची सगळे विचारपूस करायचे. अंगाला हात लावायला कोणालाच परवानगी लागायची नाही तेव्हा. डॉक्टर, नर्स, शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, शेजारच्या बाई, सगळ्यांनी तिला वरून खालून चाचपून पाहिलं, दाबलं, मोजलं, उघडलं, शिवलं. आणि मग ती सकाळ. मुंगी पाच महिन्यांची होती, मांडीवर, छातीला घट्ट. गालातलं ते गळू एकाएकी फुटलं. आधी बरं वाटलं, इतक्या महिन्यांची ठसठस एका क्षणात गेली. मग तोंड भरलं. खारट, गोडसर, कुजलेलं, एवढं की ओठ मिटून धरावे लागले. मुंगी नुकती कुठे लागली होती, आदली रात्रभर रडून आत्ता कुठे तिचे डोळे मिटत होते, तिला उठवलं असतं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. बाजूला वाटी नव्हती, फडकं नव्हतं. तिने ते गिळलं. तीन घोटांत गिळलं. मुंगी पीत राहिली, तिच्या गळ्याचा बारीक टकटक आवाज येत राहिला, आणि दोघी एकाच वेळी गिळत होत्या. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं. कोणीतरी म्हणालं असतं, आई ती आईच.

गंमत म्हणजे मुंगीची किळस तिला कधी आलीच नाही. मुंगीच्या नाकातलं ती बोटाने काढायची, ओकारी ओंजळीत झेलायची, चघळून थुंकलेलं बिस्कीट बशी नसेल तर स्वतःच्या तोंडात टाकायची. आधी तिला वाटायचं की यालाच माया म्हणतात आणि ती विहिरीसारखी असते, उपसावी तेवढी पाझरते. आता तिला तसं वाटत नव्हतं. आता तिला वाटायचं की किळस न येण्याचा एक साठा माणसाला मोजून मिळतो, आणि तिचा संपला. मुंगीपुरता होता, मुंगीवर खर्च झाला. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गावभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं, ते जंतू वाढवायच्या चकत्यांवर पसरून रात्रभर उबेत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी चकतीच्या पाठीवर पेनने एकेक टिंब देत जंतूंचे ठिपके मोजायचे. प्रत्येक पाण्याच्या दोन चकत्या, कारण एकीवर विश्वास ठेवता येत नाही. दोन्हींचे आकडे जुळले तर ते खरं. पूर्वी हे काम करताना तिला एक शांतता मिळायची. घाण होती, पण झाकणाखाली होती, आकड्यात होती, मोजून झाली की वाफेच्या डब्यात मरून जायची. आणि आता त्या ओलसर, पिवळट, काठाशी एकमेकांत वितळलेल्या ठिपक्यांकडे बघताना तिच्या मनात यायचं, दुसरं झालं आणि त्याची लाळ माझ्या खांद्यावर पडली, आणि मला हेच वाटलं तर? त्याच्या ओल्या तोंडाकडे बघून माझं तोंड वाकडं झालं, आणि त्याने ते पाहिलं तर? मुलं पाहतात. मुंगी सगळं पाहते. एखादं मूल अख्खं आयुष्य आपल्या आईच्या वाकड्या तोंडाखाली वाढेल आणि त्याला कधी कळणारही नाही की त्याचं काय चुकलं. हे ती कोणाशी बोलणार? नवऱ्याने पेले मांडले असते.

सासूबाईंकडे वीस वर्षांपूर्वीचा ब्रिज होता. त्या हौशी बाई, बोलक्या, लेकाच्या घरी आल्यापासून मुंगीचं सगळं त्याच बघायच्या, म्हणून तर तिला नोकरी जमत होती. दातांचा विषय निघाला की त्या हसत. "तीन पोरांमागे माझे चार गेले. त्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं." त्यांनी स्क्रूची कल्पना ऐकली आणि तोंडावर पदर घेतला. मेलेल्या माणसाचं हाड जबड्यात घालून त्याच तोंडाने लेकराचे मुके घ्यायचे, असं म्हणून त्यांना शहारा आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळी चहाबरोबर पाव खाताना, त्या मध्येच थांबल्या, जिभेने काहीतरी चाचपलं, आणि दोन बोटं तोंडात घालून अख्खा ब्रिज बाहेर काढला. तीन दाढा एकमेकींना जोडलेल्या, वरून पांढऱ्याशुभ्र, आतून काळ्या. पावाचा लगदा त्यांना चिकटला होता. वास टेबलाच्या या टोकापर्यंत आला, फुलदाणीतल्या आठवडाभराच्या पाण्याचा असतो तसा. उरलेल्या तोंडात, गालामागे, दोन तपकिरी खुंट दिसले, एक मधोमध चिरलेला. "निघतो हा अधूनमधून," त्या म्हणाल्या, ब्रिज चहाच्या बशीत बुचकळला, पदराला पुसला, आणि अंगठ्याने दाबून परत जागेवर बसवला. कट्‌ असा आवाज झाला. मग त्याच बोटांनी पावाचा मऊ भाग कुस्करून त्यांनी मुंगीपुढे धरला. मुंगीने आ केला. मुंगीच्या तोंडात अजून सगळे दातही आलेले नव्हते. तिच्या आईने हात पुढे करून तो घास मध्येच काढून घेतला. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी उठून नळाखाली हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत, बराच वेळ. आणि ते पाठमोरं हात धुणं बघताना तिला स्वतःचीच एवढी शिसारी आली की तो कुस्करलेला घास तिने मुठीत तसाच धरून ठेवला, टाकवेना आणि खाववेना.

दुसऱ्या भेटीला ती प्रयोगशाळेतून एकटीच परस्पर गेली. नवरा मुंगीला घेऊन मागून येणार होता. तिचं काही ठरलं नव्हतं. खरं तर वाटेत तिचं असं ठरत आलं होतं की ब्रिज करून टाकावा, आठवडाभर त्रास, पुढचं पुढे, दिवस राहणं काय हातात असतं थोडंच, कदाचित राहणारच नाहीत. आपण किती हुशारीने पळवाट काढतोय हे तिचं तिलाच दिसत होतं. बाई दुसऱ्या खोलीत होत्या. ती खुर्चीत टेकली. शेजारच्या ताटलीत, कापसाच्या बोळ्यांजवळ, तिचं तोंड ठेवलेलं होतं.

प्लास्टरचा खालचा जबडा. पुढचा एक दात जरासा तिरपा, म्हणून तिला तो लगेच ओळखू आला. आत जीभ नव्हती, ओठ नव्हते, नुसती हाडासारखी कोरडी नाल. तिने तो उचलला. उजवीकडे हिरव्या मेणाची एक दाढ बसवलेली होती, आणि तिच्या दोन बाजूंना, जिथे शेजारचे दोन दात असायला हवे होते, तिथे दोन खुंट होते. झिजलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखे. कुणीतरी ते बसून, सावकाश, नेमके तासले होते. कडेला पांढरी भुकटी अजून होती, तिच्या बोटाला लागली. बाई हात पुसत आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या की आमचा टेक्निशियन फार सुरेख काम करतो, आधी प्लास्टरवर करून बघतो, म्हणजे तोंडात वेळ जात नाही, आज अर्ध्या तासात दोन्ही घासून होतील. ती म्हणाली की मी तर अजून काही सांगितलंच नव्हतं. बाई जरा गोंधळल्या. "मिस्टरांचा फोन आला होता ना सोमवारी. ब्रिजचं नक्की म्हणाले. तुम्हाला झोप लागत नाही या विचाराने, तेव्हा लवकर उरकू या म्हणाले."

काळजीनेच केला असणार. तिला त्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला, हलका, समजूतदार, दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्या माणसाचा. तिने प्लास्टरचा जबडा दिव्याखाली धरला. दुखलं नव्हतं. रक्त नव्हतं. तिचे दोन चांगले दात सोमवार ते गुरुवारच्या मध्ये केव्हातरी, ती चकत्यांवर टिंबं देत असताना, एका अनोळखी माणसाच्या हातात संपले होते आणि तिला पत्ताही नव्हता. आणि तो घोट तोंडात आला, तोच, तिसरा, खारट, गोडसर. या वेळी मांडीवर कोणी नव्हतं. ती बेसिनकडे वाकली आणि थुंकली. नुसतं स्वच्छ पाणीच होतं.

"इम्प्लांट करायचं," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या की अहो, पण मिस्टर म्हणाले की.

"त्यांना ब्रिज हवा असेल तर त्यांचे घासा."

बाई हसल्या, मग तिच्याकडे नीट बघून हसायच्या थांबल्या. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, आठ महिने, औषधं, एक्सरे. हाड कुठलं ते ठरवावं लागेल, असंही म्हणाल्या. ती म्हणाली, हाड कोणाचंही चालेल. आणि म्हणताना तिला जाणवलं की खरंच चालेल, मेलेल्या माणसाच्या हाडाचा तिला काहीच राग नव्हता, त्या बिचाऱ्याने तिच्या वतीने कुठे फोन केला नव्हता.

बाहेरच्या बाकावर नवरा येऊन बसला होता. मुंगी त्याच्या पायाशी फरशीवरचं काहीतरी निरखत होती. ती फॉर्म घेऊन त्याच्या शेजारी बसली. खाली तिची सही झाली होती. तिच्याखाली एक ओळ होती, नातेवाइकाची सही. तिने फॉर्म आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने तो वाचला, सगळा वाचला, कुठलाही कागद तो नकाशासारखा एका कोपऱ्यापासून वाचत यायचा. उपचारांच्या काळात गर्भधारणा टाळेन, या ओळीवर तो थांबला. फोनचं त्याने आपणहून सांगितलं, चुकलं असेल तर सॉरी, तुला बरं वाटावं म्हणून. तो पुन्हा त्या ओळीकडे बघू लागला, आणि मग शहाण्या माणसाने तडजोड करावी तसा म्हणाला, "ठीक आहे. आठच महिने ना?"

"नाही."

"मग किती?"

"मला दुसरं नकोय. आठ महिन्यांनी पण नकोय."

रिसेप्शनवरची मुलगी कोणालातरी फोनवर वेळ देत होती. मुंगीला फरशीच्या फटीत काहीतरी सापडलं होतं, तिने ते तोंडाकडे नेलं. नवऱ्याने खाली वाकून तिच्या मुठीतून ते काढलं, बोटांत चोळून टाकलं आणि तिला मांडीवर घेतलं. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. तिला राग चालला असता. तो मनातल्या मनात काहीतरी उभारत होता, कुठलं वजन कुठे टाकता येईल ते बघत होता, आणि थोड्या वेळाने त्याला ते सापडलं. त्याने आवाज खाली आणला.

"आईला सध्या दाताचं कारण सांगू या."

तिला ते अगदी सोपं दिसलं. दाताचं कारण. मग हाडाचं, मग अशक्तपणाचं, मग वयाचं. एकेक कारण शेजारच्या कारणाला धरून उभं राहील, वरून पांढरंशुभ्र, आणि ती त्या घरात वीस वर्षं राहील.

"दाताचं नको," ती म्हणाली. "माझं सांग. नाहीतर मी सांगते."

त्याने पेनाला टोपण लावलं आणि ते सवयीने आपल्या खिशाला अडकवलं. फॉर्म त्याच्या गुडघ्यावर तसाच होता, मुंगीचा पाय त्यावर आपटत होता.

"ते पेन आमचं आहे," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

त्याने खिशाकडे पाहिलं, ओशाळला, पेन काढलं. टोपण उघडलं. एका हाताने मुंगीचा पाय बाजूला धरून तो फॉर्मवर वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.